संथ वाढणारी, दुर्लक्षित राहणारी गाठ

अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हा मेंदूचा विकार असावा असा अनेकांचा समज झाला. ‘न्यूरो’ म्हणजे दरवेळी मेंदूच असे नाही, हे त्यांनाच स्पष्ट करावे लागले. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. या गाठीचे नाव घरोघरी पोहोचले. तिचे स्वरूप मात्र अपरिचितच राहिले.

जठरापासून गुदाशयापर्यंत पचनमार्गाच्या अस्तरात संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्या अनियंत्रित वाढीतून ही गाठ निर्माण होते. १९०७ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ ओबर्नडॉर्फर यांनी तिला ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासदृश, असे नाव दिले. ती निरुपद्रवी असल्याचे त्यांचे मत होते. पुढे १९२९ मध्ये ती घातकही ठरू शकते, असे त्यांनीच नमूद केले.

ही गाठ बहुधा संथपणे वाढते. लहान आतड्यातील गाठीचे स्राव यकृत निष्प्रभ करते. गाठ यकृतात पसरली, की ते स्राव थेट रक्तात मिसळतात आणि चेहरा एकाएकी लाल व गरम होणे, वारंवार पातळ जुलाब, धाप अशी लक्षणे दिसू लागतात. स्त्रियांमध्ये ती रजोनिवृत्तीची समजून सोडून दिली जातात.

आमच्या धनज परिसरात ‘पाणी बाधले’ म्हणून गोळ्या घेतल्या जातात आणि सोयाबीन, कपाशीचा हंगाम आटोपेपर्यंत तपासणी लांबते. जुलाबाची बहुतेक कारणे साधीच असतात, हे खरे. तथापि चार आठवड्यांहून अधिक काळ जुलाब, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची भावना, शौचातून रक्त, घटते वजन किंवा पुनःपुन्हा उठणारी पोटातील कळ यांपैकी काहीही असल्यास तपासणी पुढे ढकलू नये.

आणखी एक विनंती. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीस पाठवला गेला का, हे विचारावे आणि अहवाल जपून ठेवावा. अनेकदा ही गाठ तेथेच अवचित सापडते. ती एक सेंटिमीटरहून लहान असेल आणि पूर्ण निघाली असेल, तर सहसा पुढील उपचारांची गरज भासत नाही.

निदान बायोप्सीने होते. गाठीच्या वाढीचा वेग ‘केआय-६७’ या निर्देशांकावरून कळतो. शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय. पसरलेल्या आजारात ऑक्ट्रिओटाइडची मासिक इंजेक्शने आणि निवडक रुग्णांना ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध दिले जाते. हे मूलद्रव्य भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होते आणि त्याचे उपचार मुंबईत परळला उपलब्ध आहेत. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी.

आजार दुर्मीळ आहे, म्हणून घाबरू नये. आणि दुर्मीळ आहे, म्हणून तो आपल्याला होणारच नाही, असेही गृहीत धरू नये.