निरोप घेऊ द्या

१३ जून २०१० रोजी ॲनी ग्वाटेमालात होती, एका युद्धगुन्हेगाराच्या ताब्यात. तो तिला मारणार नव्हता आणि सोडणारही नव्हता. तिला लेकीसारखं वाढवणारा कोट्यधीश वॉरबक्स इकडे अमेरिकेत मनाची समजूत घालू लागला होता की पोर आता काही जिवंत हाती लागायची नाही. आणि इथेच ‘लिटल ऑर्फन ॲनी’ ही चित्रमालिका बंद झाली. १९२४ साली सुरू झालेली, शहाऐंशी वर्षं चाललेली. ज्या वाचकांनी आपल्या आजीच्या मांडीवर बसून ती वाचायला सुरुवात केली, त्यांना त्या पोरीचं पुढे काय झालं हेसुद्धा कुणी सांगितलं नाही. चार वर्षांनी ‘डिक ट्रेसी’ या त्याच मालकीच्या दुसऱ्या मालिकेत तिची सुटका उरकून घेण्यात आली. एका काउंटरवर राहिलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या काउंटरवर पाठवतात, तसं.

ॲनीचा निर्माता हॅरॉल्ड ग्रे १९६८ मध्येच वारला होता. पुढची बेचाळीस वर्षं मालिका कधी या हातात, कधी त्या हातात, मधली काही वर्षं तर जुनेच भाग पुन्हा छापून, अशी ओढत नेली गेली. शेवटी वीसपेक्षाही कमी वर्तमानपत्रं ती घेत होती. ग्रे गेला त्या वर्षी ती थांबवली असती तर लोक रडले असते. २०१० मध्ये रडायलाही फारसं कुणी उरलं नव्हतं.

वर्तमानपत्रातली रोजची चित्रमालिका हा असा एक प्रकार आहे की ज्याला शेवट असावा असं त्याच्या मालकांना कधीच वाटत नाही. (टीव्हीवरच्या मालिकांचंही तेच, पण त्यांना साहित्य म्हणा असा आग्रह कुणी धरत नाही.) कादंबरी संपते, नाटकाचा पडदा पडतो, कीर्तनकारसुद्धा आरती करून मोकळा होतो. चित्रमालिका मात्र चालूच राहिली पाहिजे, कारण ती विकली जाते आहे. माझं भांडण आहे ते याच्याशी. वाचकाचा निरोप घेण्याचा हक्क हा गंभीर हक्क आहे आणि तो त्याच्यापासून रोज, फार गोड बोलून, काढून घेतला जातो.

हा हक्क ज्यांना मिळाला त्या वाचकांकडे पाहावं म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. बिल वॉटरसनने ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ थांबवली ती ३१ डिसेंबर १९९५ ला. वय सदतीस. मालिका दोन हजार चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत जात होती, लोकप्रियतेला ओहोटी लागल्याची खूण नव्हती. काही आठवडे आधी त्याने संपादकांना पत्र पाठवून कळवलं होतं की वर्षअखेरीला मी थांबतोय. म्हणजे वाचकांना ठाऊक होतं. त्या शेवटच्या दिवसांत लोक ती कशी वाचत असतील याची कल्पना करा. सुट्टी संपत आल्यावर मामाच्या घरातला एकेक दिवस मोजावा तशी. शेवटच्या रविवारी नुकताच बर्फ पडलेला आहे, सगळा कागद पांढरा, आणि तो मुलगा आणि त्याचा वाघ घसरगाडीवर बसून निघून जातात. कुणी मेलं नाही, कुणी मोठं झालं नाही. दहा वर्षं आणि तीन हजार एकशे साठ भाग झाले आणि दार हलकेच ओढून घेतलं गेलं.

चार्ल्स शुल्झचं त्याहून अवघड होतं. ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली, तिचे १७,८९७ भाग त्याने काढले. मदतनीस नाही, अक्षरंसुद्धा स्वतःची. पन्नास वर्षांत मोठी रजा एकदाच, पंचाहत्तरी आली तेव्हाची पाच आठवड्यांची. १९९९ च्या अखेरीस आजारपण आलं आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. रोजचा शेवटचा भाग ३ जानेवारी २००० ला आला, रविवारचा शेवटचा १३ फेब्रुवारीला. त्यात आपल्या घरट्याच्या छपरावर टंकलेखन यंत्र घेऊन बसलेला स्नूपी आणि शुल्झचं निरोपाचं पत्र. आदल्या रात्री, १२ तारखेला, शुल्झ वारला. ज्या सकाळी त्याचं पत्र लोकांच्या हातात पडलं त्याच सकाळी तो गेल्याची बातमीही आली. निवृत्तीनंतरच्या एका मुलाखतीत तो सांगत होता की आपल्याला एकाएकी जाणवलं, त्या बिचाऱ्या पोराला तो चेंडू कधीच लाथाडता आला नाही. आणि ते सांगताना त्याला रडू आवरलं नाही. चार्ली ब्राऊन धावत येतो, ल्यूसी ऐन वेळी चेंडू काढून घेते, तो पाठीवर आपटतो, हे जवळपास अर्धशतकभर चाललं होतं. शेवटच्या भागात शुल्झ एकदा चेंडू लागू देऊ शकला असता. त्याने तसं केलं नाही. हा निर्णय त्याचा एकट्याचा होता, आणि तो त्याचा एकट्याचा होता म्हणूनच त्याला वजन आहे.

आता पुढे काय झालं ते पाहा. शुल्झची इच्छा होती की आपल्यामागे दुसऱ्या कुणी ही मालिका काढू नये. कुटुंबाने ती पाळली, कंपनीनेही पाळली. अक्षर पाळलं, भाव मात्र सोडला. वर्तमानपत्रांना लगेच जुने भाग पुन्हा छापायला मिळू लागले आणि ज्या चौकोनात काल निरोपाचं पत्र होतं तिथे आज चार्ली ब्राऊन पुन्हा हजर. स्टेशनवर डोळे पुसून घरी परतावं आणि पाहुणा दिवाणखान्यात चहा पीत बसलेला दिसावा! आनंद होईल का? दोन दिवस होईल. मग आपण स्टेशनवर रडलो त्याचीच लाज वाटेल.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की नव्या पिढीला हे वाचायला मिळतं, त्यात वाईट काय? नव्या पिढीने जरूर वाचावं. पुस्तकं आहेत. ‘कॅल्विन’चे सगळे भाग, ‘पीनट्स’चे सगळे भाग, देखण्या खंडांमध्ये उपलब्ध आहेत आणि तिथे ते सलग, क्रमाने वाचता येतात. तुकड्यातुकड्यांनी, ऋतूचा ताळमेळ नसलेले, भर मे महिन्यात मुंबईच्या घामात ख्रिसमसची वाट पाहणारे भाग वाचण्यापेक्षा ते बरं. वर्तमानपत्र म्हणजे आजचं पत्र. त्यात वीसतीस वर्षांपूर्वीचा विनोद आजची तारीख लावून छापायचा, हे मला शिळी भाजी फोडणी देऊन ताजी म्हणून वाढण्यासारखं वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो आपल्या मातीतला आहे. पात्रं एका माणसाची नसतात; बिरबल, इसाप, पंचतंत्रातला कोल्हा यांना कुणी एकानेच सांगितलं का? मग चित्रमालिकेचं पात्र हातोहाती गेलं तर बिघडलं कुठे? मला हे आकर्षक वाटतं आणि मी त्यावर खूप विचार केला आहे. पण बिरबलाची गोष्ट सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही सांगा, मी सांगतो, वाईट सांगितली तर लोक विसरतात. चित्रमालिकेचं पात्र हातोहाती जातं ते मालकाच्या सोयीने, करार करून, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावला तर नोटीस येते. लोककथेची मोकळीक नको आणि लेखकाची जबाबदारीही नको, असा हा दुहेरी लाभ आहे.

एक अपवाद मात्र कबूल करतो. ‘फँटम’, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी मुलांना ‘वेताळ’ म्हणून भेटलेला. त्याची चित्रं रे मूरने काढली, मग विल्सन मॅकॉयने, आणि १९६१ पासून तीसहून अधिक वर्षं साय बॅरीने. आपण प्रेम केलं ते मुख्यतः बॅरीच्या वेताळावर. पण कथा लिहिणारा ली फॉक १९९९ मध्ये मरेपर्यंत तोच होता, आणि शिवाय वेताळाचा धंदाच वारसाहक्काचा! बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. चार्ली ब्राऊनला मुखवटा नाही.

शेवटाची मालकी कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे कोर्टापर्यंत गेलेला आहे, हे मराठी वाचकांना सहसा माहीत नसतं. मलयाळममध्ये ‘बोबनुम मोलियुम’ ही टॉम्स, म्हणजे व्ही. टी. थॉमस, यांची मालिका ‘मलयाळ मनोरमा’ साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर येई. केरळातले लोक साप्ताहिक मागून उघडत, असं सांगतात. टॉम्स संस्थेतून बाहेर पडले तेव्हा ती जुळी भावंडं कुणाची, असा वाद झाला. संस्थेचं म्हणणं, आमची. केरळ उच्च न्यायालयाने मात्र छापून झालेली चित्रं आणि पात्रं काढत राहण्याचा हक्क यांत फरक केला. नोकरी सोडलेल्या चित्रकाराला आपल्याच पात्रांपासून रोखता येणार नाही, असा तो निकाल. ‘ही माझी पोरं आहेत’ हे सांगायला माणसाला न्यायाधीशापुढे उभं राहावं लागलं. वॉटरसनही आपल्या सिंडिकेटशी वर्षानुवर्षं भांडला, बाहुल्या आणि टी-शर्ट काढू देणार नाही म्हणून. गाड्यांच्या मागे कॅल्विनचे जे स्टिकर दिसतात ते जवळजवळ सगळे चोरीचे आहेत. भांडून हक्क मिळवला म्हणूनच त्याला शेवट करता आला, हे विसरू नये. १९८९ मध्ये ओहायोतल्या एका व्याख्यानात त्याने निर्मात्यामागे दुसऱ्यांकरवी चालवल्या जाणाऱ्या मालिकांवर कडक टीका केली होती. तेव्हा लोकांना तो आगाऊपणा वाटला असेल. सहा वर्षांनी त्याने स्वतःवर तो नियम लावून दाखवला.

आता आपल्या अंगणात येतो. इंग्रजी वर्तमानपत्रं हे जुने भाग का छापतात, याचं उत्तर भावनिक नाही. एकच मालिका शेकडो वर्तमानपत्रांना विकली जाते, म्हणून प्रत्येकाला ती स्वस्तात पडते. पुनर्मुद्रणाला तर नव्याने चित्रकाराची गरजच नाही. याउलट मराठी, कन्नड किंवा ओडिया वर्तमानपत्राने आपल्या गावच्या चित्रकाराला रोज काम द्यायचं तर त्याचा सगळा भार त्या एका वर्तमानपत्रावर. या हिशोबात मेलेला चित्रकार नेहमी जिवंत चित्रकाराला हरवतो. २१ नोव्हेंबर १९९१ ला ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ आला तेव्हा एका मराठी दैनिकाने तो भार उचलला होता. जोशीकाकूंच्या खिडकीची काच आणि बगळ्याचे कारनामे यांत पुण्याच्या कुठल्याही सोसायटीतल्या पोराला आपली गल्ली दिसली, ती अमेरिकेतल्या उपनगरात कधीच दिसली नसती. चिंटूला जागा मिळाली कारण कुणीतरी ती जागा दिली. आज किती संपादक रोजची तीन इंच जागा एका अनोळखी मुलीला द्यायला तयार आहेत, जिला चित्र काढता येतं आणि जिच्या डोक्यात लातूरचं एखादं कुटुंब आहे?

आपण वाचकही साळसूद नाही. जुनी मालिका बंद केली की संपादकाकडे रागाची पत्रं येतात, नवी बंद केली तर एकही येत नाही. नव्या मालिकेला पात्रं ओळखीची व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. शुल्झलाही लागली होती, सुरुवातीला ‘पीनट्स’ अवघ्या सात वर्तमानपत्रांत होती. तेवढा धीर आपल्याला नाही. मग आपण आठवणी काढतो, ‘आमच्या लहानपणी’ म्हणून उसासे टाकतो आणि त्याच उशाशी झोपतो.

आणि आपल्याकडे मालिका बंद होते ती तरी कशी? पानाची मांडणी बदलते. एखाद्या सोमवारी त्या जागी शिकवणीची जाहिरात असते. दोन ओळी नाहीत, ‘आजपासून ही मालिका प्रसिद्ध होणार नाही’ एवढंसुद्धा नाही. वाचक दोनतीन दिवस पानं उलटसुलट करतो, घरातल्यांना विचारतो, ‘कुठल्या पुरवणीत गेली का?’, आणि मग विचारायचं सोडून देतो. अग्रलेखात साहित्यिकाच्या निधनावर आपण पोकळी निर्माण झाल्याचं लिहितो. इथे खरोखरची पोकळी, मोजून तीन इंच बाय सहा इंच, आपल्याच पानावर निर्माण होते आणि आपण ती दुपारपर्यंत विकतो.

संपादकांकडे माझं मागणं फार मोठं नाही. मालिका थांबणार असेल तर महिनाभर आधी सांगा. चित्रकाराला शेवटचा रविवार पूर्ण द्या, कोपऱ्यात नव्हे. वाचकांची दहा पत्रं छापा, त्यांत एखादं शिव्या देणारंही असू द्या. मग आठवडाभर तो चौकोन कोरा ठेवा. जाहिरात विभाग ओरडेल, त्यांना ओरडू द्या. सात दिवसांचे पैसे बुडाले तर त्या चित्रकाराने इतकी वर्षं पेपर खपवला त्यातून वळते करून घ्या. आठव्या दिवशी तिथे नवं नाव टाका. पहिले सहा महिने ते वाईटच असेल.