नवऱ्याचा कर, विधवेच्या माथी

अमेरिकेत बहुतेक नवरा-बायको प्राप्तिकराचं विवरणपत्र एकत्र भरतात. त्यात सहसा कर कमी बसतो. खाली दोघांच्या सह्या असतात. सही करताना फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, की त्या वर्षाचा सगळा कर, व्याज आणि दंड दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्णच्या पूर्ण वसूल करण्याचा हक्क आपण सरकारला देत आहोत. हा नियम 1938 पासून कायद्यात आहे. नवरा वारला तरी ती सही कायम राहते आणि त्याने दडवलेल्या कमाईची नोटीस बायकोच्या दारात येते.

या नियमाच्या कैवाऱ्यांचा पहिला मुद्दा सोपा आहे: सही केली ना, मग कर भरा.

सही म्हणजे माहिती, हे गृहीतच मुळात लंगडं आहे. हिशेब एकाने ठेवायचा आणि दुसऱ्याने बोट दाखवलेल्या जागी सही करायची, ही रीत कुठल्या एका देशाची नाही. एच-4 व्हिसावर गेलेल्या, स्वतःची कमाई नसलेल्या मराठी मुलीही तिथे अशाच सह्या करतात. खुद्द अमेरिकी संसदेलाही हे गृहीत टिकवता आलं नाही. ‘निर्दोष जोडीदारा’ला पहिली सवलत तिने 1971 मध्ये दिली आणि 1998 मध्ये ती बरीच रुंदावली.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: दडवलेल्या पैशावर संसार दोघांचा झाला, मग बायको नामानिराळी कशी? खरंच आहे. नवऱ्याच्या लबाडीवर जिने बंगला घेतला, तिने हात झटकू नयेत. पण कायदा हे पाहतोच. ‘समन्यायी’, म्हणजे परिस्थिती पाहून दिली जाणारी, सवलत देताना तिला ठळक लाभ झाला का, तिला ठाऊक होतं का, वसुलीने तिची उपासमार होईल का, नवरा छळ करत होता का, हे सगळं तपासलं जातं. म्हणजे लाभाचा मुद्दा चौकशीचा आहे. चौकशीविना सगळ्याच विधवांना एका दावणीला बांधण्याचा नव्हे.

तिसरा मुद्दा सोयीचा. कुणाचा वाटा किती, हे कर खात्याने शोधत बसायचं का? हो, बसायचं. विधवा, घटस्फोटित किंवा विभक्त जोडीदाराला वाढीव कराची वाटणी मागण्याची सोय 1998 च्या कायद्यातच आहे. संगनमताने मालमत्ता इकडची तिकडे केली असेल, तर ती सोय मिळत नाही.

नियमाची धार किती बोचते, हे एका दंतवैद्याच्या बायकोच्या खटल्यात दिसलं. तो मेडिकेअर योजनेच्या फसवणुकीत दोषी ठरला आणि 1999 च्या एकत्रित विवरणपत्रामुळे कराचा बोजा तिच्यावरही आला. सवलतीचा अर्ज करायचं नवऱ्याने अंगावर घेतलं होतं. अर्ज जाण्याआधीच तो वारला. पुढे 2006 मध्ये खात्याने तिचा स्वतःचा परतावा त्या जुन्या येण्यात वळता केला. मग तिने समन्यायी सवलतीचा अर्ज केला, तर उत्तर आलं: वसुलीची कारवाई आधीच सुरू झाली होती, तेव्हापासूनची दोन वर्षांची मुदत टळली. कर न्यायालयाने 2009 मध्ये हा मुदतीचा नियमच अवैध ठरवला. पुढच्याच वर्षी शिकागोच्या अपील न्यायालयात न्या. रिचर्ड पोझ्नर यांनी तो निकाल फिरवला. टीका वाढत गेली आणि 2011 मध्ये खात्याने समन्यायी सवलतीपुरती ती मुदत स्वतःहून मागे घेतली.

म्हणजे खटला जिंकलेल्या खात्यालाच आपला नियम सोडावा लागला. बाकीच्या दोन सवलतींना, म्हणजे ‘निर्दोष जोडीदारा’च्या मूळ सवलतीला आणि कराच्या वाटणीला, मात्र दोन वर्षांची मुदत आजही लागू आहे. नवरा जाऊन घर सावरत नाही तोवर जिने त्याची कपाटं उपसून सवलतीच्या अर्जाचा फॉर्म 8857 भरायचा, तिच्यासाठी हे घड्याळ निर्दय आहे. तीही मुदत जायला हवी.

भारताची वाट वेगळी आणि अधिक न्याय्य आहे. इथे प्रत्येकाचं विवरणपत्र स्वतंत्र. मृताचा कर वारसाकडून मागता येतो, पण मृताची मालमत्ता जेवढा भार पेलेल तेवढाच. विधवेच्या स्वतःच्या पगाराला हात लागत नाही. फक्त कर बाकी असताना ती मालमत्ता विकली, तर तेवढ्या किमतीपुरती जबाबदारी तिच्यावर येते.

2025 च्या अर्थसंकल्पापूर्वी सनदी लेखापालांच्या संस्थेने भारतातही पती-पत्नींना एकत्र विवरणपत्राचा पर्याय द्यावा, अशी सूचना केली. एकाच कमाईवर चालणाऱ्या घरांना त्याचा फायदा होईल. विरोधाचं कारण नाही. मात्र हा पर्याय आलाच, तर ‘ज्याची मिळकत, त्याची जबाबदारी’ हे कलम सवलतीच्या शेजारीच, पहिल्या दिवसापासून छापलेलं असावं. अमेरिकेला 1938 च्या नियमावरची पहिली दुरुस्ती करायला तेहतीस वर्षं लागली.