खाणीचा पैसा, गावची मंडळे आणि आपली शिबिरे

खाण-व्यवसाय आणि खाणपट्ट्यातील गावसंस्था यांच्या आर्थिक संबंधांची चर्चा वैद्यकाच्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आठवला तर तो पडू नये. वायू, उदक, देश व काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हा त्यातील विचार परीक्षेपुरता पाठ करून सोडून देण्यासारखा नाही. भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात, असेही भगवान आत्रेय तेथे अग्निवेशास सांगतात. जेथे डोंगर फोडून खनिज काढले जाते, तेथे या चारांपैकी पहिल्या तिघांवर आघात होतो. आणि नेमक्या अशाच परिसरातून वैद्यांना मोफत आरोग्यशिबिरांची व औषधी-निर्मात्यांना मोफत वाटपाच्या औषधांची निमंत्रणे येत असतात. खर्च कंपनीचा, फलकावर नाव गावातील मंडळाचे, आणि नाडीवर बोटे आपली, अशी ही रचना असते.

ही रचना समजून घ्यायची तर गोव्याकडे पाहावे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून लोहखनिजाचे उत्खनन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. खाण कंपन्यांनी एकत्र येऊन २००० साली ‘मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा’ ही संस्था स्थापन केली. पाणीपुरवठा, शाळा, आरोग्य, शेतातील व ओहोळांतील गाळ उपसणे अशी कामे तिने हाती घेतली. याखेरीज खाणपट्ट्यातील भजनी मंडळ, क्रीडा मंडळ, देवस्थान, महिला बचतगट यांना कंपन्यांकडून साहाय्य मिळणे ही तर नित्याची बाब. या कामांचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाळ उपसलेल्या शेतात पुन्हा भात पिकले तर ते भातच असते. मात्र खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून पावसाळ्यात वाहून आलेला गाळ शेतात साचतो, तेव्हा तो उपसणे ही देणगी की नुकसानभरपाई, हा प्रश्न उरतोच. देणगी म्हटले की घेणारा उपकृत होतो. भरपाई म्हटले की त्याला हिशेब मागता येतो. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म या एका भेदात आहे.

उपकृत माणूस बोलत नाही. कोणी तोंडावर हात ठेवण्याची गरज नसते. गणेशोत्सवाचा मंडप ज्यांच्या पैशावर उभा राहिला, त्यांच्या ट्रकांच्या धुळीविषयी ग्रामसभेत बोलण्यास मंडळाचे अध्यक्ष आपसूक कचरतात. त्यात घरातील एखादा ट्रक कर्ज काढून खाणीवर लावलेला असला, तर मग पाहायलाच नको. एप्रिल २०१७ मध्ये सत्तरी तालुक्यातील सोनशी गावच्या ४५ ग्रामस्थांना खनिजवाहतूक अडवल्याबद्दल अटक झाली. त्यांचे गाऱ्हाणे धुळीचे व पाण्याचे होते. इतकी वर्षे मदतीचा ओघ चालू असलेल्या पट्ट्यात, शुद्ध हवा व पाणी यांसाठी लोकांना रस्त्यावर बसावे लागले, यावरून मदत कोणत्या गोष्टींना पोहोचते व कोणत्या गोष्टींना नाही, हे कळून येते.

दुसरा दोष अस्थिरतेचा. न्या. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. त्यात गोव्याचे नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे असल्याचा अंदाज होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन थांबवले. २०१४ च्या निर्णयानंतर ते सुरू झाले, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरल्यावर पुन्हा थांबले. डिसेंबर २०२२ पासून लिलाव झाले आणि २०२४ मध्ये उत्खननाला पुनश्च आरंभ झाला. नफ्यावर अवलंबून असलेला दवाखाना अशा चढउतारांत कसा चालावा? खाण बंद झाली तरी छातीत गेलेली धूळ बाहेर येत नाही. सिलिकायुक्त धुळीने होणारा फुफ्फुसविकार तर धुळीशी संपर्क तुटल्यावरही वाढू शकतो.

कायद्याने या दोन प्रकारच्या पैशांत आता भेद केला आहे, पण आपल्या व्यवसायबंधूंपैकी फारच थोडे त्याची दखल घेतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावयाची असते. ती कोठे व कशी खर्चावी हे कंपनीचेच संचालक ठरवतात. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी निराळा. खाणकायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने ही प्रतिष्ठाने आली. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के व लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के इतकी रक्कम खाणधारकाने स्वामित्वधनाव्यतिरिक्त तेथे भरावयाची, असे ठरले. त्या वर्षीच्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत पिण्याचे पाणी, प्रदूषण-नियंत्रण, आरोग्य, शिक्षण आदी बाबींसाठी किमान ६० टक्के निधी राखला होता, आणि गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेच्या संमतीची अट होती. हा पैसा कोणाच्या औदार्याचा नाही. खाणग्रस्तांचा तो हक्क आहे. गोव्यात तर २०१४ च्या निर्णयाने खनिजाच्या विक्रीउत्पन्नातील १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. पुढच्या पिढ्यांचाही खनिजावर वाटा आहे, हा त्यामागील विचार.

पैशाने प्रत्येक प्रश्न सुटतो असे मात्र समजू नये. ओडिशातील नियमगिरी पर्वत वनौषधींनी समृद्ध असून डोंगरिया कोंध समाज त्यास दैवत मानतो. तेथील बॉक्साइट उत्खननास २००८ मध्ये परवानगी देताना सर्वोच्च न्यायालयाने करपूर्व नफ्याच्या ५ टक्के अथवा १० कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती दरवर्षी त्या भागाच्या विकासास द्यावी, अशी अट घातली होती. देणे भरघोस होते. पण एप्रिल २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. केपे तालुक्यातील कावरे येथील आदिवासी ग्रामस्थांनी नेमकी उलट वाट धरली. खाण चालवायचीच तर ती आमच्या सहकारी संस्थेने चालवावी, अशी त्यांची मागणी होती. दोन्ही ठिकाणी लोकांनी आधी विचारले ते इतकेच की, ठरवणार कोण.

आता आपल्याविषयी. खाणींकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस नाही. लोह, मंडूर, अभ्रक, ताम्र, गैरिक यांवाचून आपले रसशास्त्र उभे राहत नाही, आणि औषधी-निर्मात्यांपैकी कित्येकांच्या कोठारांत पुनर्नवा मंडूर व नवायस लोह यांच्या थप्प्या असतात. कंपनीच्या खर्चाने शिबिर घेऊच नये, असेही आमचे म्हणणे नाही. डिचोलीच्या एखाद्या वाडीवरील म्हातारीस श्वासाचा त्रास होत असेल, तर औषधाचे पैसे कोणी दिले हा तिचा प्रश्न नव्हे. तो आपला मात्र आहे. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले अंग. दर तीन महिन्यांनी धुळीच्या रस्त्याकडेला बसून सितोपलादी चूर्णाच्या पुड्या वाटायच्या आणि धुळीविषयी चकार शब्द काढायचा नाही, याला चिकित्सा म्हणता येत नाही. वनौषधी उद्यानांचेही तसेच. शंभर रोपांना नावांच्या पाट्या लावल्याने गेलेल्या रानाची आणि त्या रानातील झऱ्याची जागा भरून निघत नाही.

शिबिर स्वीकारताना म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने ठरवून घ्यावी, आणि तीही लेखी. रुग्णनोंदवही वैद्याची राहील. कास, श्वास, नेत्राभिष्यंद, त्वग्विकार यांचे किती रुग्ण कोणत्या वाडीवर आढळले, त्यांपैकी किती जण खाणीवर वा ट्रकवर काम करणारे, किती मुले, याचा गोषवारा रुग्णांची नावे वगळून ग्रामपंचायतीस व प्राथमिक आरोग्यकेंद्रास देण्याची मोकळीक असली पाहिजे. संशयित रुग्णास क्ष-किरण तपासणीसाठी पाठवण्याचा खर्चही त्याच करारात असावा, कारण केवळ नाडीपरीक्षेवरून कोणत्याही न्यायाधिकरणापुढे भरपाई मागता येत नाही. ही अट मान्य नसलेले निमंत्रण सविनय परत करावे. औषधी-निर्मात्यांस हे कठीण जाईल, ठोक मागणी गमावण्याचा प्रश्न असतो, याची आम्हांस जाणीव आहे. पण जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या आरोग्यनिधीतून औषधांची मागणी यावी यासाठी आपल्या जिल्हा शाखांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्यावेत. तेथून आलेल्या पैशाबद्दल कोणाचे आभार मानावे लागत नाहीत.

गोवा, सिंधुदुर्ग, चंद्रपूर व गडचिरोली येथील ज्या वैद्यांनी अशी शिबिरे घेतली आहेत, त्यांनी आपल्या नोंदवह्या जपून ठेवाव्यात आणि त्यांचा गोषवारा या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावा.