कॅम्पला न्यायची सुरी कशी असावी?

वार्षिक कॅम्पची तारीख नोटीस बोर्डावर लागली की आमच्या डॉर्ममध्ये दोन विषय निघतात. तंबूत कोण कोणाबरोबर राहणार हा पहिला, आणि सुरी कुठली घ्यायची हा दुसरा. पहिला प्रश्न हाऊसमास्टर सर सोडवतात. दुसऱ्याबद्दल मला माझे मत मांडायचे आहे, कारण गेल्या कॅम्पपासून आमच्याकडे सुरी आणायलाच बंदी आहे. माझ्या मते बंदी वाईट सुरीवर हवी होती, सगळ्याच सुऱ्यांवर नको होती.

झाले ते असे. एका कॅडेटने 'सर्व्हायव्हल' सुरी आणली होती. पात्याच्या पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र आणि पोकळ मुठीत काड्या, गळ व दोरा. चुलीसाठी लाकूड फाडताना तिसऱ्याच ठोक्याला पाते मुठीतून सुटले आणि शेजारी बसलेल्या ज्युनिअरच्या बुटाजवळ पडले. सुदैवाने कोणाला लागले नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सुऱ्या जमा झाल्या. नंतरच्या ट्रेकला तंबूच्या खुंट्या तासायला मुलांनी काय वापरले? दाढीचे अर्धे ब्लेड. त्यात एकाचा अंगठा कापला आणि दोन टाके पडले. काम होतेच, ते थांबत नाही. योग्य हत्यार नसले की मुले अयोग्य हत्याराने करतात.

म्हणून सुरी कशी निवडावी हे आधी पाहू. कॅम्पमध्ये सुरीला कामे तरी कोणती असतात? खुंट्या तासणे, दोरी कापणे, बांबू चिरणे, पावसात भिजलेल्या लाकडाची साल काढून आतले कोरडे लाकूड मिळवणे, कांदे-बटाटे कापणे. यातल्या एकाही कामाला हातभर लांब पाते लागत नाही. चार इंच पुरते.

पहिली गोष्ट, सुरी घडीची नको. घडीच्या चाकूचा सांधा जोर लावल्यावर ढिला होतो आणि पाते बोटांवर मिटण्याची भीती असते. पाते मुठीत पक्के बसवलेले हवे. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असेल, ज्याला 'फुल टँग' म्हणतात, तर सर्वांत चांगले. मुठीच्या दोन फळ्यांमध्ये पोलादाची कड दिसते, त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या हे तपासता येते. मूठ पोकळ असेल तर ती सुरी तिथेच ठेवून द्यावी, मग तिच्यात होकायंत्र असो की आणखी काही. होकायंत्र आपल्याला शाळा देतेच.

दुसरी गोष्ट, जाडी. अडीच ते साडेतीन मिलिमीटर पुष्कळ झाली. त्याहून जाड पाते दणकट दिसते, पण लाकडात नीट शिरत नाही आणि बटाटा कापण्याऐवजी फोडते.

तिसरी गोष्ट, पोलाद. स्टेनलेसला गंज कमी लागतो. साधे कार्बन पोलाद गंजते, पण साध्या दगडावर त्याला लवकर धार येते. माझ्या आजीची विळी अशीच काळ्या पोलादाची आहे. चिरून झाले की ती लगेच धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवते आणि तिची विळी माझ्या बाबांच्या वयाची आहे. आम्ही रोज बूट आणि बकल चमकवतो, मग एक पाते पुसून त्यावर मेसमधल्या मोहरीच्या तेलाचा थेंब फिरवणे आम्हाला जड का जावे? मी कार्बन पोलाद निवडीन. मात्र कोकणातल्या पावसात किंवा समुद्राकाठी कॅम्प असेल तर स्टेनलेस घ्यावे.

काही सीनिअर म्हणतात, फौजी मुलाकडे फौजी सुरीच शोभते. अमेरिकन मरीन कोअरने १९४२ मध्ये स्वीकारलेली का-बार त्यांना हवी असते. तिचे पाते सात इंचांचे आहे आणि ती लढाईसाठी घडवलेली आहे. आपल्याला खुंटी तासायची आहे. खुकरीचेही तसेच. तिच्याबद्दल मला फार आदर आहे, पण तिच्या म्यानातच कर्द नावाची छोटी सुरी वेगळी दिलेली असते. म्हणजे बारीक कामाला मोठे पाते नको, हे खुकरीवाल्यांनाही ठाऊक होते. शिवाय आपल्या शस्त्रविषयक नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी, खुकरी धरून, शस्त्रांत मोजली जाते. घरकाम, शेती अशा कामांसाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. पालकांनी ऑनलाइन काही मागवण्याआधी हे जरूर लक्षात घ्यावे.

स्वस्त आणि चांगली सुरी मिळते का? मिळते. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या जगभर कॅम्पवाले वापरतात. त्यांच्या 'कम्पॅनियन' सुरीचे पाते सुमारे दहा सेंटिमीटर लांब, अडीच मिलिमीटर जाड, मूठ रबरासारखी आणि म्यान प्लॅस्टिकचे. ती फुल टँग नाही, तरी टिकते, कारण मूठ पोकळ नाही आणि पोलादाला पाणी नीट दिलेले आहे. दुसरा रस्ता आपल्या गावच्या लोहाराचा. ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद चिवट असते. त्यातून चार इंचांचे पाते आणि दोन लाकडी फळ्यांची मूठ करून मिळते. फक्त म्यान चांगले शिवून घ्यावे. सुरी उलटी धरून हलवली तरी म्यानातून पडता कामा नये.

आता इन्स्ट्रक्टर सरांना माझी विनंती. प्रत्येक कॅडेटने सुरी आणू नये, हे मलाही पटते. शाळेनेच दर सेक्शनला एक, अशा एकाच प्रकारच्या सुऱ्या घ्याव्यात. त्या स्टोअरमध्ये राहाव्यात, नंबर टाकलेल्या असाव्यात, सही करून घ्याव्यात आणि संध्याकाळच्या फॉलइनला मोजून परत कराव्यात. सुरी हातात देण्याआधी एक तास शिकवावे. धार नेहमी अंगापासून दूर जाईल असे कापायचे. हात लांब करून गोल फिरल्यावर कोणाला लागत असेल तर सुरी काढायची नाही. मांडीवर ठेवून काही कापायचे नाही. वापरून झाली की आधी म्यान, मग गप्पा. आणि धार लावायलाही शिकवावे, कारण बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते.

पालकांना काळजी वाटणे साहजिक आहे. माझ्या आईलाही वाटते. पण दोन-तीन वर्षांत आमच्यातले काही जण एनडीएच्या परीक्षेला बसतील. त्याआधी चार इंचांचे पाते जबाबदारीने वापरायला आणि मोजून परत करायला आम्ही शाळेतच, सरांच्या नजरेखाली शिकलो, तर ते दाढीच्या ब्लेडपेक्षा नक्कीच बरे. पुढच्या कॅम्पच्या सामानाच्या यादीत तंबू आणि दोरीच्या खाली 'सुरी, दर सेक्शन एक' एवढी ओळ यावी, असे मला वाटते.