तीर्थोपाध्यायांच्या वह्या

डच कंपनीच्या कारकुनांनी 1652 नंतर आफ्रिकेच्या दक्षिण टोकावर जे दफ्तर राखले, त्याच्या आधारे तेथील अनेक कुटुंबे आज आपल्या मूळ पुरुषापर्यंत पोहोचतात. परंतु त्याच कंपनीचा पीटर व्हान डेन ब्रुक 1617 साली ज्या मलिक अंबरास भेटला, त्या अंबराने 1610 साली वसविलेल्या आमच्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पूर्वजांचा माग काढू पाहणाऱ्याची वाट फार बिकट आहे, कारण येथील किल्ले-अर्क राजवाड्यातले मोगली कागद हैदराबादेस गेले, आणि घरात उरलेल्या सनदा फारसीत किंवा मोडीत असल्याने नातवंडांना मुक्या झाल्या. अशा वेळी त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांची लांबट वही उघडली जाते, गाव आणि आडनाव सांगताच पाने उलटतात, आणि यात्रेस आलेल्या कुण्या पणजोबांनी बोरूने स्वहस्ते लिहिलेला पित्याचा, पितामहाचा, बंधूंचा नामोल्लेख समोर येतो, तेव्हा अंगावर रोमांच उभे राहतात. सासरी गेलेल्या लेकींची नावे मात्र त्यांत सहसा नसतात, आणि ही उणीव मला फार बोचते. या वह्यांचा कागद जीर्ण होत चालला आहे. त्यांची छायाचित्रे घेण्याचे आणि मोडी जाणणारे तरुण तयार करण्याचे काम आमच्या विद्यापीठाने विनाविलंब हाती घ्यावे.