गेलेले चौदा महिने

घरात कोणास ताप आला, तर दुसरे दिवशी आपण डॉक्टरांकडे धाव घेतो. पाय मुरगळला, तर त्याच सायंकाळी त्यावर लेप चढतो. परंतु तरुण मुलाचे मन आजारी पडले, म्हणजे तीच आपण वडील मंडळी महिनेच्या महिने स्वस्थ बसतो. कारण ती गोष्ट उंबरठ्याबाहेर जाऊ नये, एवढीच आपली धडपड असते. या उपेक्षेचे फळ आम्ही स्वतःच्या घरात चाखले आहे, म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहीत आहो.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षास होता. प्रथम त्याने मित्रांकडे जाणे टाकले, मग पंक्तीस बसणे टाकले. रात्री माडीवर येरझारा घाली, खिडक्यांस वर्तमानपत्रे चिकटवी, समोरच्या बिऱ्हाडातील माणसे आपल्याविषयीच बोलतात असे म्हणे. भावजयीस बाहेरच्या बाधेची शंका आली. बंधूंस वाटले, परीक्षेची भीती असेल. आत्याबाईंनी सुचविले, ‘लग्न करून टाका, म्हणजे येईल ठिकाणावर.’ आणि आम्ही? जन्मभर मुले शिकविलेल्या या मास्तराने त्यास समोर बसवून आळसावर तासभर प्रवचन दिले. त्याने ते निमूटपणे ऐकले व हळूच विचारले, ‘काका, आता जे बोललात, ते तुम्हीच बोललात ना?’ तो प्रश्न आम्हांस उद्धटपणाचा वाटला. त्याचा अर्थ कळावयास आणखी आठ महिने जावे लागले.

लज्जेची गोष्ट ही, की ज्या भाषेत आमची हयात गेली, त्याच भाषेतील चरकसंहितेत उन्मादाच्या निदानास व चिकित्सेस स्वतंत्र अध्याय आहेत. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, आवड, शील, चेष्टा आणि आचार यांचा विभ्रम तो उन्माद, असे तेथे सांगितले आहे. ग्रंथ उघडून मुलाकडे पाहिले असते, तर त्यातील निम्मी लक्षणे आमच्याच माडीवर आढळली असती.

आजचे वैद्यक या विकारांच्या वर्गास ‘सायकोसिस’ म्हणते. स्किझोफ्रेनिया हा त्यातील प्रमुख. बहुधा तो पंधरा ते तीस या वयात डोके वर काढतो. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी पाळतीवर आहे असा दृढ संशय, बोलण्यातील सूत्र तुटणे ही उघड लक्षणे होत. परंतु त्यांच्या आधी कित्येक महिने झोप उडते, स्नानाचा कंटाळा येतो, अभ्यासातून लक्ष जाते. उपचाराविना जितका काळ लोटतो, तितके पूर्ववत् होणे कठीण जाते, असे आढळून आले आहे. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे 1992 साली डॉ. पॅट्रिक मॅकगोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पहिल्याच झटक्यातील तरुणांसाठी निराळी सेवा उभारली, आणि पुढे तिचे अनुकरण अनेक देशांत झाले.

पूर्वी पुण्यात ‘येरवड्यास पाठवा’ ही थट्टा होती, आणि त्या थट्टेच्या भयानेच कित्येक घरांनी आपली माणसे माजघरात दडविली. परंतु 1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध या विकारावर प्रथम वापरले गेले, तेव्हापासून चित्र पालटले आहे. आता बहुतेक रुग्णांवर घरी ठेवूनच उपचार होतात. औषधाचा पूर्ण गुण दिसावयास काही आठवडे लागतात. हात कापणे, वजन वाढणे असे त्रासही होतात. ते डॉक्टरांस सांगावे, औषध मात्र परस्पर बंद करू नये. आमचा दुसरा प्रमाद हाच. चार महिन्यांत मुलास आराम पडला, म्हणून आम्हीच गोळ्या थांबविल्या; आणि दिवाळीच्या सुमारास दुखणे उलटले.

तिसरी गोष्ट घरातील वाणीची. जेथे रुग्णावर सतत टीका होते, तेथे दुखणे वारंवार उलटते, हे इंग्लंडातील संशोधकांनी दाखवून दिले आहे. एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ, तशा जिभाही पुष्कळ! शुश्रूषेस दहा हात मिळतात, तसे टोमणेही दहा तोंडांनी मिळतात. हे घरच्यांनीही शिकावे लागते. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणातून हा अनुभव घेतला, आणि 1997 साली पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापिली. रुग्णांस कामाची सवय लागावी व नातलगांस एकमेकांशी मोकळे बोलता यावे, हे त्या कार्याचे मर्म आहे.

वाचकांस विनंती इतकीच. मुलाच्या वागण्यात असा पालट दिसला, तर पंधरवड्याच्या आत नेहमीच्या डॉक्टरांमार्फत मनोविकारतज्ज्ञ गाठावा. थायरॉइड, फेफरे किंवा गांजासारखे व्यसन यांतूनही अशी लक्षणे उद्भवतात, म्हणून तपासणी अवश्य व्हावी. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्यास क्षणभर एकटे न ठेवता त्याच दिवशी नेले पाहिजे. कोणास विचारावे हेच कळेना, तर 14416 या सरकारी दूरध्वनीवर मराठीतून विनाशुल्क सल्ला मिळतो. आणि रोग लपवून लग्न उरकण्याचे पाप कोणी करू नये. लग्न हे औषध नव्हे.

सर्वांसच सारखा गुण येतो असे नाही. आमचा पुतण्या आज एका छापखान्यात हिशेब पाहतो. रात्रीची गोळी त्याची त्यालाच आठवते. पदवी मात्र राहिली ती राहिलीच. त्याबद्दल त्याने आम्हांस कधी एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु पंक्तीत तो शेजारी बसून भात मागून घेतो, तेव्हा आम्हांस ते चौदा महिने आठवतात.