खेळाडूनें केवळ खेळावें काय?

२४ ऑक्टोबर २०२१ रोजीं दुबई येथें भारतीय क्रिकेटपटूंनीं वर्णद्वेषाच्या निषेधार्थ मैदानावर गुडघा टेकला. तेव्हां कित्येक क्रीडारसिक म्हणाले, "खेळाडूनें खेळावें, असल्या वादांत पडूं नये." हें मत आम्हांस मान्य नाहीं.

आपल्याच महाराष्ट्राकडे पाहा. पाळवणकर बाळू यांनीं १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु ते अस्पृश्य गणलेल्या जातीचे, म्हणून पुण्याच्या मैदानावर त्यांस चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या पात्रांत मिळे. हिंदु संघाचें कर्णधारपदहि त्यांस नाकारण्यांत आलें. १९२० सालीं त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं या अन्यायाच्या निषेधार्थ संघांतून अंग काढून घेतलें. पुढें १९२३ सालीं विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले व संघ विजयी झाला.

गुण पाहून निवड करणें हा खेळाचाच नियम होय. तो पाळा म्हणणाऱ्यानें खेळ सोडला, असें कसें म्हणावें?

मात्र दूरच्या अन्यायाचा धिक्कार करणें सोपें. घरचा भेद मोडणें कठीण. आपण सर्व एकाच परमपित्याचीं लेकरें, असें आपण प्रार्थनेंत म्हणतों. नांदेड-लातूरच्या पालकांस आमची विनंति कीं, सामन्याहून परतलेल्या पाल्यास धावसंख्येबरोबर हेंहि विचारावें: "संघांत सर्वांचें पाण्याचें भांडें एकच होतें ना?"